बारा वाजता उठणारा मुलगा

नैरोबीतील एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी चौथीच्या वर्गाला शिकवते. पालकांच्या नोकऱ्यांमुळे वर्गात आफ्रिकेतल्या सात-आठ देशांची मुले असतात. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडून ‘माझी सकाळ’ या विषयावर पानभर लिहून घेतले. इथिओपियातल्या आदिस अबाबाहून नुकत्याच आलेल्या एका मुलाने लिहिले होते, ‘मी बारा वाजता उठतो, चहाबरोबर दाबो खातो आणि दोन वाजता शाळेत जातो.’ दाबो म्हणजे तिकडचा पाव. दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ ओढून मी समासात ‘घड्याळ पुन्हा शीक’ असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी वही हाती पडताच तो रडवेला झाला. ‘टीचर, मला घड्याळ येतं,’ एवढेच म्हणाला. शेजारी बसणाऱ्या केनियन मुलीने त्याच्या वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, ‘टीचर, त्याचं बरोबर आहे. माझी शोशोपण आम्हाला बारालाच उठवते. सा कुमी ना म्बिली!’ शोशो म्हणजे आजी आणि ‘सा कुमी ना म्बिली’ म्हणजे इथल्या स्वाहिली भाषेत बारा वाजता.

मला फार ओशाळल्यासारखे झाले, कारण बाजारातल्या भाजीवालीने ‘सा ताटू’, म्हणजे शब्दशः तीन वाजता, ये म्हटले की सकाळी नऊला जायचे, हे मला इतक्या वर्षांच्या सवयीने ठाऊक होते. स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात, त्यामुळे आपले सात म्हणजे त्यांचा एक. इथिओपियातही हाच हिशेब चालतो, हे मात्र मी कधी विचारलेच नव्हते. विषुववृत्ताच्या आसपास बाराही महिने सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास उगवत असल्याने ही मोजणी कधी विस्कटत नाही. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत.

त्या दिवशी नियोजित धडा मी बाजूला ठेवला. केपटाऊनच्या मुलाने लगेच शंका काढली, की त्यांच्याकडे हिवाळ्यात सूर्य उगवायला पावणेआठ होतात आणि उन्हाळ्यात तो साडेपाचलाच वर येतो, मग तिथे एक कधी वाजणार? शंका इतकी रास्त होती, की पृथ्वीगोल काढून अर्धा तास आम्ही तेवढेच पाहत बसलो. कैरोच्या मुलीने सांगितले, की तिच्या मावसभावंडांना शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी ती दप्तर घेऊन शाळेत जातात. घानाच्या कोफीचा जन्म शुक्रवारचा, म्हणून तो कोफी. शनिवारी जन्मला असता तर क्वामे झाला असता.

एव्हाना आदिसचा मुलगा सावरला होता. त्याने फळ्यावर तेरा चौकोन काढले: बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा, पागुमे, फक्त पाच दिवसांचा, कधी सहा. त्यांचे नवे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि आपल्या सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे असते, हे त्याने न अडखळता समजावले. मुले टक लावून ऐकत होती.

मधल्या सुट्टीत मी त्याची वही मागून घेतली, समासातला शेरा खोडला आणि खाली माझी चूक कबूल करून सही केली. त्याने ती वाचली, पेन्सिल काढली आणि पानाच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन घड्याळे काढली. एकात सहा वाजले होते, दुसऱ्यात बारा.