संत्र्याच्या बागा उपग्रहातून ओळखताना: माझा अनुभव

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांचा नकाशा करायचा असेल तर चित्र मे महिन्याचं घ्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण उपग्रह कोणता, बँड (म्हणजे प्रकाशलहरींचा पट्टा) कोणता, सॉफ्टवेअर कोणतं यावर आपण तासन् तास बोलतो आणि तारखेचा विचार सगळ्यात शेवटी करतो.

मी नागपूरला राहतो आणि काटोल तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघतो. सभासदांच्या बागा नेमक्या कुठे आहेत आणि उन्हाळ्यात त्यातल्या कुठल्या अडचणीत येतात, एवढं आम्हाला हवं होतं. सातबाऱ्यावरची पीकनोंद आणि वावरातलं पीक यांचा मेळ दरवेळी बसत नाही. रिमोट सेन्सिंगच्या, म्हणजे उपग्रहावरून जमीन वाचण्याच्या बाबतीत नागपूर भाग्यवान शहर आहे. व्हीएनआयटीच्या आवारात एमआरसॅक (राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र), अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था. माझं काम मात्र घरच्या लॅपटॉपवर झालं, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची फुकट मिळणारी चित्रं घेऊन.

सेंटिनेल-२ चे १३ बँड आहेत. निळा, हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड हे चार १० मीटरचे, म्हणजे चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० बाय १० मीटरचा. रेड एजचे तीन, एक अरुंद निअर इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचे दोन, असे सहा २० मीटरचे. उरलेले तीन ६० मीटरचे. ते हवेतली धूळ, बाष्प आणि विरळ ढग टिपायला आहेत, शेतीत त्यांचं थेट काम नाही. डोळ्यांना दिसतात त्या रंगांत चित्र उघडलं तर संत्रा, सागवान आणि कपाशी सगळं सारखंच हिरवट. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि निअर इन्फ्रारेड भरपूर परत पाठवतं. म्हणून निअर इन्फ्रारेडला लाल, लालला हिरवा आणि हिरव्याला निळा रंग देऊन एफसीसी, म्हणजे बदललेल्या रंगांचं चित्र बनवतात. त्यात झाडझाडोरा लालभडक उठतो, पाणी काळं दिसतं.

ऑक्टोबरच्या एफसीसीत सगळा तालुका लाल. कपाशी लाल, तूर लाल, संत्रा लाल. जानेवारीत गहू-हरभऱ्याचा लाल मिसळतो. मे महिन्यात कपाशीची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झालेली असते, रब्बी निघालेली असते, जंगलातला सागही पानं गाळून उभा असतो. तेव्हा लाल उरतात त्या संत्रा-मोसंबीच्या बागा, नदीनाल्याकाठची झाडं, आंबे आणि कुठेकुठे उन्हाळी भुईमूग. भुईमूग काढून टाकायला मी डिसेंबर, फेब्रुवारी आणि मे, तिन्ही वेळचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक (निअर इन्फ्रारेड आणि लाल यांतला फरक भागिले दोघांची बेरीज) शेजारी ठेवला. बाग तिन्ही वेळा साधारण एका पातळीवर राहते, हंगामी पीक चढतं-उतरतं. संत्रा आणि मोसंबी मात्र मला उपग्रहावरून वेगळे करता आले नाहीत. ते पायी फिरूनच केलं.

फिरण्याचा दुसराही फायदा झाला. मोबाईलवर नकाशा दाखवला तेव्हा एका वडीलधाऱ्या कास्तकारांनी एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हटलं, "काकाजी, इथे तुमची बाग आहे ना?" ते म्हणाले, "बाग कुठची भाऊ, हे तं विहिरीवरचे आंबे होय." जाऊन बघितलं तर जुने, डेरेदार आंबे. अशा एकट्या-दुकट्या पिक्सेलना मग मी नकाशातून वगळलं.

उलट बाजूला नव्या बागा नकाशात येतच नव्हत्या. संत्रा २० बाय २० फुटांवर, म्हणजे साधारण ६ बाय ६ मीटरवर लावतात. १० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये तीनेक झाडं येतात आणि बाकी माती. झाडं लहान असेपर्यंत त्या पिक्सेलवर काळ्या मातीचंच राज्य असतं, त्यात मधल्या जागेत सोयाबीन किंवा हरभरा. एनडीव्हीआय मग आंतरपिकाची गोष्ट सांगतो. कलमं जमिनीत धरल्यावर पहिली काही वर्षं त्या बागांची नोंद हातानेच ठेवावी लागते.

माझ्या दृष्टीने या कामातला सगळ्यात मोलाचा बँड शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा, ११ क्रमांकाचा, १६१० नॅनोमीटरच्या आसपासचा. पानातलं पाणी या लहरी शोषतं. पाणी कमी झालं की परावर्तन वाढतं. आंबिया बहारासाठी (हिवाळा सरताना येणारी फुलं) आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडून ताण देतात. पानं हिरवी असतात पण मलूल होतात. एनडीव्हीआय तेव्हा फारसा हलत नाही. बँड ८ए (अरुंद निअर इन्फ्रारेड) आणि ११ चा ओलाव्याचा निर्देशांक, म्हणजे दोघांतला फरक भागिले दोघांची बेरीज, स्पष्ट उतरतो आणि ताण तोडून पाणी सुरू केलं की पुढच्या चित्रांत वर येऊ लागतो. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी चित्र देतात, त्यामुळे ही चढउतार पकडता येते. आंबियाची फळं झाडावर असताना मे महिन्यात हाच निर्देशांक घसरला तर विहीर आटली का, हे विचारायला जायचं. मात्र मृग बहार (पावसाळा लागताना येणारी फुलं) घेणारे एप्रिल-मेमध्ये मुद्दाम ताण देतात! म्हणून कुणाची बाग कुठल्या बहाराची, ही नोंद नकाशाला जोडल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी पट्ट्यात बागाच्या बागा वाळल्या. मे २०१८ आणि मे २०१९ ची चित्रं शेजारी ठेवली की लाल चौकोन विझलेले दिसतात. ती तुलना अलीकडच्या वर्षांशी करणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. समजा बागेचा लाल बँड ६०० आणि निअर इन्फ्रारेड ३००० आहे, तर एनडीव्हीआय ०.६७ येतो. नव्या चित्रात तीच बाग १६०० आणि ४००० दाखवते आणि १००० वजा न करता गणित केलं तर उत्तर ०.४३. हिरवीगार बाग कागदावर वाळून जाते. मेटाडेटात (चित्रासोबतच्या माहितीत) प्रोसेसिंग बेसलाइन, म्हणजे प्रक्रियेची आवृत्ती, ०४.०० किंवा पुढची असेल तर आधी वजाबाकी करायची. जुनी चित्रंही आता नव्याने प्रक्रिया करून ठेवली आहेत, त्यांनाही हाच नियम लागतो, म्हणून तारखेपेक्षा बेसलाइन बघावी.

पावसाळ्यात ढगांमुळे हे सगळं थांबतं. सेंटिनेल-१ चं रडार ५.६ सेंटिमीटरच्या लहरींवर चालतं, ढगांतून आरपार बघतं. मौदा-रामटेककडच्या धानाला ते फार उपयोगी आहे, रोवणीचं साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. आमच्या बागांना त्याने फारसं काही दिलं नाही. लँडसॅट ८ आणि ९ चा उष्णतेचा बँड मूळ १०० मीटरचा, म्हणजे सलग मोठ्या बागांपुरताच. आपल्या भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहाचा लिस-४ कॅमेरा मात्र ५.८ मीटरचा असल्याने बांधाच्या कडा फार छान देतो. त्यात हिरवा, लाल आणि निअर इन्फ्रारेड एवढेच बँड आहेत, तेव्हा हद्दी त्याच्यावरून आखल्या आणि ओलावा सेंटिनेलवरून वाचला.

एक एकरात २० मीटरचे जेमतेम १० पिक्सेल बसतात आणि कडेचे सोडले की हातात दोन-चारच राहतात. त्यामुळे दोन एकरांच्या आतल्या बागेला ताण आहे की नाही, हे मी स्क्रीनवरून सांगत नाही. अशा बागांची यादी वेगळी काढली आहे आणि एप्रिल लागला की तिथे आम्ही मोटारसायकलवर जातो.