गोट्याचे दात, गोट्याचं वजन आणि त्याची शुगर

ड्राय फूड दिलं की मांजराचे दात आपोआप साफ राहतात, हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता कोणी सुरू केलं की मी नुसती मान डोलावते. पेट शॉपवाला सांगतो, वरच्या मजल्यावरच्या बेन सांगतात, पुण्याची मावसबहीण फोनवर सांगते. अहो पण मांजर काय आपल्यासारखं बत्तीस वेळा चावत बसतं का, एकदा कुडकुड केलं की गिळलं, पुष्कळदा तर दाणा अख्खाच पोटात. हिरडीच्या कडेला जिथे खरी घाण साठते तिथे तो दाणा पोचतच नाही. दातांसाठी मुद्दाम बनवलेलं मोठ्या दाण्यांचं खाणं मिळतं, त्याचा थोडाफार उपयोग होतो हे खरं, पण आमच्या गोट्याला डायबिटीस आहे आणि ड्राय फूड म्हणजे बहुतेक वेळा तीसेक टक्के कार्ब्स, त्यामुळे आमच्यापुरता तो विषय संपला.

गोट्या म्हणजे अगदी पुस्तकातला पेशंट. बोका, नसबंदी झालेला, नऊ वर्षांचा, फ्लॅटच्या बाहेर पाऊल नाही आणि वजन सात किलो. खूप पाणी, खूप सू, आणि मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला तेव्हा तपासणी झाली (शुगरने पायाच्या नसांवर परिणाम झाला की मांजरं अशी चालतात). दर बारा तासांनी ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन सुरू झालं, डोस हळूहळू वाढवला, पण शुगर काही ऐकेना. मग डॉक्टरांनी डोस अजून न वाढवता आधी तोंड उघडून बघितलं, आणि यासाठी मी त्यांना कायम मानेन.

ओठ वर उचलला तर गालाकडच्या दातांच्या वर हिरडीवर लालभडक रेघ, आणि एका दाताच्या कडेला कापसाची काडी नुसती लावली तर जबडा कटकटकट वाजायला लागला, थंडीत आपले दात वाजतात तसा. म्हणे तो दात मुळातून विरघळत चाललाय, मांजरांमध्ये हे खूप असतं, वरून दात ठीकठाक दिसतो आणि खरी परिस्थिती एक्स-रे काढल्यावरच कळते. आणि हा पठ्ठ्या व्यवस्थित जेवत होता हो, फक्त मान एका बाजूला वाकडी करून. मांजरं दुखणं अशी लपवतात.

आता यात गंमत अशी की तोंडात सूज आणि इन्फेक्शन असेल तर शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, आणि शुगर चढलेली असेल तर इन्फेक्शन लवकर बरं होत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार. त्यात हिरड्या सुजल्या म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायची पद्धत आहे, त्याने दोन दिवस मांजर खूश होतं पण शुगर आणखी वर जाते, कारण स्टेरॉइड इन्शुलिनच्या कामातच अडथळा आणतं. त्यामुळे कोणी पटकन सुई काढली तर आधी सांगा की याला डायबिटीस आहे.

भूल देण्यावरून घरात बराच गदारोळ झाला, आईचं म्हणणं डायबिटीसच्या पेशंटला भूल कशाला. पण भूल न देता जे स्केलिंग करतात त्यात फक्त वरवरची पिवळी पुटं निघतात, हिरडीच्या आतलं सगळं तसंच राहतं. पहिला नंबर सकाळचा घेतला, त्या दिवशीचा इन्शुलिनचा डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांनीच ठरवलं, दोन दात गेले, आणि संध्याकाळी साहेब वाटीभर पातळ खाणं चाटून मोकळे. पण खरं लक्ष त्यानंतर द्यावं लागतं. तोंड बरं झालं की इन्शुलिन जास्त लागू पडायला लागतं, जुनाच डोस चालू ठेवला तर शुगर धपकन खाली येते, मांजर झोकांड्या खातं, फिट येऊ शकते. म्हणून आम्ही कानाच्या कडेला टोचून घरीच शुगर बघतो, आणि मध कायम हाताशी, तसं काही झालं तर हिरडीला चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, तेव्हा एका आकड्यावर उड्या मारायच्या नाहीत. उलट दवाखान्यात घाबरून शुगर चढते ते वेगळंच.

वजनाचं पण असंच, दिसतं तितकं सरळ नाही. वजन उतरलं की डायबिटीस रेमिशनमध्ये जायची शक्यता वाढते, म्हणजे इन्शुलिनच लागत नाही. पण जाड मांजराला उपाशी ठेवलं तर चरबी लिव्हरमध्ये साठते आणि जिवावर बेततं, म्हणून आठवड्याला एखादा टक्का, सात किलोला सत्तर ग्रॅम, बस. हे आपल्या वजनकाट्यावर कळतच नाही, आम्ही बाळांचा काटा आणला. आणि शुगर हाताबाहेर असेल तरी वजन उतरतं, पण तेव्हा जातं ते मांस, त्यामुळे आकडा खाली आला म्हणून पेढे वाटू नका, पाठीचा कणा आणि मांड्या हाताने चाचपून बघा.

पाऊच घेताना लेबलवरचं प्रोटीन, फॅट, पाणी, फायबर आणि राख शंभरातून वजा करायची, उरतात ते साधारण कार्ब्स. ग्रेव्हीवाल्यात स्टार्च असतो, पाते (मऊ वाटलेलं, ग्रेव्ही नसलेलं) बरं. आणि ड्रायवरून पातळ खाण्यावर जाताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, कार्ब्स कमी झाले की इन्शुलिनही कमी लागतं. नुसत्या उकडलेल्या चिकनवर पण मांजर ठेवता येत नाही, कॅल्शियम वगैरे मिळत नाही, ते फक्त बक्षीस म्हणून. (आई कट्टर शाकाहारी, त्यामुळे चिकनचं पातेलं आणि इंडक्शन दोन्ही गॅलरीत हद्दपार आहेत.) दूध बंद. आणंद इथून तासाभरावर, सगळ्या बडोद्याच्या रक्तात अमूल, इथे मांजराला दूध देत नाही म्हटलं की लोक माझ्याकडे पापी माणसासारखं बघतात. गोडाची चव मांजराला कळतच नाही, तो जीनच त्यांच्यात बंद पडलाय, तरी बेन उत्तरायणाला जिलबीचा तुकडा घेऊन हजर.

अजून एक, सिरिंज. आपल्याकडे U-40 आणि U-100 दोन्ही मिळतात (म्हणजे एका मिलीत 40 किंवा 100 युनिट असलेल्या इन्शुलिनसाठी), लाल टोपीची 40 ची, केशरी 100 ची. आमचं ग्लार्जिन 100 चं आहे. केमिस्टने चुकून लाल टोपी दिली तर एक युनिटच्या खुणेला अडीच युनिट जातात, म्हणजे काय होईल कळलंच असेल. काउंटरवरच टोपी बघून घ्यायची.

ब्रश रात्रीच्या इंजेक्शननंतर. आधी बोटाला गॉज गुंडाळून, आता लहान मुलांचा मऊ ब्रश, फक्त बाहेरच्या बाजूने, तोंड उघडायची गरज नाही. पेस्ट मांजरांचीच, आपली नाही, ती थुंकत नाहीत, सगळं गिळतात.

सध्या गोट्या सहा किलोच्या आत आलाय आणि डोस निम्म्यावर. फ्रुक्टोसामीनची टेस्ट करायचीय, त्यात मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी शुगर कळते. दिवाळीत आम्ही पुण्याला, म्हणून बेनच्या नातवाला मोसंबीला टोचून इंजेक्शन शिकवतेय, हात चांगला बसलाय त्याचा. ब्रशचं मात्र त्याने स्वच्छ सांगितलं, मावशी, ए मारू काम नथी.