केर सेलमधलं शून्य

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी रत्नागिरीत मी नायट्रोबेंझिन या द्रवाचा केर स्थिरांक, म्हणजे विद्युतक्षेत्राचा त्यातून जाणाऱ्या प्रकाशावर किती परिणाम होतो हे सांगणारा आकडा, मोजायचा प्रकल्प घेतला. द्रवावर विद्युतक्षेत्र लावलं की त्यातले रेणू थोडे एका दिशेला वळतात आणि क्षेत्राला समांतर व काटकोनात ध्रुवित असलेला (म्हणजे त्या त्या दिशेत कंप पावणारा) प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो. एक लाट दुसरीच्या जितकी मागे पडते, ते त्यांचं कलांतर. जॉन केर यांनी हे १८७५ साली दाखवलं. त्या इवल्याशा रेणूंचं वळणं आपल्याला टेबलावर मोजता येतं, याचंच मला अप्रूप होतं.

मांडणी साधी. लाल लेसर, क्षेत्राशी ४५ अंशांवर पोलरायझर (एकाच दिशेतला प्रकाश सोडणारी चकती), मग सेल म्हणजे द्रवाची काचेच्या खिडक्यांची डबी, पोलरायझरशी काटकोनात अनालायझर (तशीच दुसरी चकती), शेवटी प्रकाश मोजणारा फोटोडायोड. सेलमधल्या व्होल्टेज लावायच्या धातूच्या पट्ट्या २ सेंमी लांब, मध्ये २ मिमी फट. नायट्रोबेंझिन विषारी आणि कातडीतूनही शरीरात जातं, त्यामुळे हातमोजे घालून फ्यूमहूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) भरायचं. वासाला कडू बदामासारखं; तो वास आला म्हणजे काहीतरी चुकलंय.

जुलै महिना. ३००० व्होल्टच्या पुढे गेलं की सुर्र आवाज यायचा. दिवे घालवून पाहिलं तर कनेक्टरवर निळसर उजेड, वीज हवेत गळत होती! बाहेर धो धो पाऊस, सगळ्यावर दमटपणा आणि खारं. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "पावसात आधी पुसून घ्यायचं, मग बटण." स्पिरिटने पुसलं, ओल शोषून गुलाबी पडलेली सिलिका जेल निळी होईपर्यंत तापवून पेटीत ठेवली. आवाज थांबला.

खरी अडचण आकड्यांत निघाली. प्रकाशाची तीव्रता कलांतराच्या निम्म्याच्या साइनच्या वर्गाप्रमाणे बदलते आणि कलांतर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे. मी शून्य व्होल्टला दिसणारा थोडासा प्रकाश सरळ वजा करत होते. स्थिरांक आला १००० व्होल्टला ६.१ आणि ४००० ला ३.९ (१०चा उणे १२वा घात, मीटर प्रति व्होल्टवर्ग). द्रव तोच, मग स्थिरांक बदलेल कसा? पुस्तकात पिवळ्या प्रकाशासाठी साधारण ४.४ आहे.

आठवडाभर मी फोटोडायोडला दोष देत बसले. शेवटी सर म्हणाले, "अगं, सेल काढून बघ." सेल काढला तर पूर्ण अंधार, ठेवला की मंद उजेड. द्रवाची गळती नको म्हणून मी सेलच्या खिडक्यांचे स्क्रू करकचून आवळले होते. त्या ताणाने काचेतच कलांतर तयार झालं होतं. ते द्रवातल्या कलांतरात मिळतं, म्हणजे बेरीज कलेची होते, तीव्रतेची नाही. मी वजाबाकी चुकीच्या ठिकाणी करत होते! कमी व्होल्टेजला मूळ परिणामच इतका लहान की स्थिरांक खऱ्याच्या दीडपटीच्या वर जातो, ४००० ला मात्र जेमतेम ५ टक्के जास्त येतो.

मग काहीच वजा न करता प्रत्येक तीव्रतेवरून कलांतर काढलं आणि व्होल्टेजच्या वर्गासमोर मांडलं. ताणाची दिशा क्षेत्राच्या दिशेशी जुळलेली होती, म्हणून रेघ सरळ आली. पण ती शून्यातून न जाता ०.१ रेडियनवर अक्षाला छेदत होती. उतारावरून स्थिरांक ३.७ निघाला. लाल प्रकाश आणि आमच्या खोलीचा उकाडा धरला तर पुस्तकापेक्षा कमीच यायला हवा होता.

खात्री म्हणून नवे वायसर घालून स्क्रू सैल केले आणि सगळी मोजमापं पुन्हा घेतली. छेद ०.०२ वर आला. उतार तोच राहिला.