वायरलेस घेतली ती चटक्यापायी

गिटारला वायरलेस, म्हणजे केबलऐवजी रेडिओलहरींनी आवाज पोचवणारा ट्रान्समीटर-रिसीव्हरचा संच, लावली की लोकांना वाटतं, आता हा स्टेजभर नाचणार. मी आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डशेजारी खांबासारखा उभा असतो आणि तसाच राहणार आहे. वायरलेस घेतली ती माईकमुळे ओठांना बसणाऱ्या विजेच्या चटक्यापायी.

गणपतीच्या मांडवात ज्यांनी वाजवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. एक लाइन जनरेटरची, दुसरी शेजारच्या दुकानातून ओढलेली, आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणीतरी पकडीने उडवलेली. गिटारच्या तारा आतून जॅकच्या अर्थला जोडलेल्या असतात; तिथून केबलची जाळी, अँप (अँप्लिफायर) आणि अँपचा बोर्ड. माईक मात्र मिक्सरवरून, दुसऱ्याच लाइनवर. बोटं तारांवर ठेवून कोरसला ओठ माईकच्या जाळीला टेकले की दोन लाइनींमधल्या व्होल्टेजच्या फरकाचा करंट आपल्या अंगातून जातो. साउंडवाल्याचं उत्तर ठरलेलं, "दादा, फोम लावतो ना माईकला." फोम दोन गाण्यांत ओला होतो.

‘किस’ या अमेरिकन रॉक बँडचा गिटारिस्ट एस फ्रेली १९७६च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या लेकलँडला स्टेजवर असाच शॉक लागून कोसळला होता. केन शेफरची बिनतारी सिस्टीम त्या बँडने त्यानंतर घेतली. केबल गेली की तारांमधून अर्थकडे जायची वाटच तुटते. अर्थात माईकमध्येच करंट उतरला असेल आणि पाय ओल्या जमिनीवर असतील, तर वायरलेस काय करणार? टेस्टर खिशात हवाच.

आता कुठली घ्यायची. डब्यावर छापलेला पल्ला, इतके मीटर, वाचून घेऊ नका. मला तीन मीटर पुरतात, पण त्या तीन मीटरमध्ये ढोलकीवाला बसलेला असतो. संचाची २.४ गिगाहर्ट्झची रेडिओलहर माणसाच्या अंगातल्या पाण्यात बरीचशी विरते. त्यात वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात, म्हणजे समोरच्या गर्दीतला जवळजवळ प्रत्येक मोबाइल आपला भागीदार. ५.८च्या पट्ट्यात गर्दी कमी, पण ती लहर आडोशाला आणखी लवकर हार मानते. मी ५.८चा छोटा संच घेतला आणि रिसीव्हर पायाशी असलेल्या पेडलबोर्डवरून (इफेक्ट पेडलांच्या फळीवरून) उचलून अँपच्या डोक्यावर ठेवला, गिटारच्या समोर. माझ्या मते निम्मी निवड इथेच होते.

बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-२०सारख्या २.४च्या संचात ट्रान्समीटर रिसीव्हरला जोडला की तो मोकळा चॅनेल आपोआप शोधतो. छान सोय आहे, पण ती दुपारी चारला वापरून उपयोग नाही. तेव्हा मैदानात खुर्च्या असतात. आरती झाली, लोक बसले, की मग पुन्हा जोडून घ्यायचं.

लेटन्सीची, म्हणजे आवाज पोचायला लागणाऱ्या उशिराची, धास्ती मला फाजील वाटते. डब्ल्यूएल-२०ची २.३ मिलिसेकंद आहे; तेवढ्यात आवाज हवेतून जेमतेम ८० सेंटिमीटर जातो. अँपपासून एक पाऊल मागे सरकलात तर तेवढाच उशीर होतो.

आवाज मात्र बदलतो. केबलच्या मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) धरला, तरी सहा मीटरची केबल पिकअपचा (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी कॉइलचा) बराच ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा, खाते, आणि आपला कान त्या खाल्लेल्या आवाजाला सरावलेला असतो. वायरलेसवर पहिल्या दिवशी माझी स्ट्रॅटोकास्टर गिटार, म्हणजे स्ट्रॅट, काचेसारखी टोचली. डब्ल्यूएल-२०मध्ये केबलची नक्कल आतच आहे. डब्ल्यूएल-२०एलमध्ये ती नाही, कारण तो अकूस्टिक आणि अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपवाल्यांसाठी. माझ्या संचात असलं काही नाही, म्हणून अँपचा ट्रेबल उतरवला. अजून एक: स्ट्रॅटचा जॅक होडीसारख्या खोलगट पत्र्यात असतो, काही ट्रान्समीटर तिथे नीट बसतच नाहीत. दुकानात आपली गिटार घेऊन जा.

खरी पंचाईत फझची, म्हणजे आवाज खरखरीत फाटका करणाऱ्या पेडलची. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझला थेट पिकअप लागतो. मध्ये रिसीव्हरचा बफर (सिग्नल पुढे ढकलणारा सर्किटचा टप्पा) आला की गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणल्यावर आवाज जो स्वच्छ व्हायचा तो होत नाही, नुसताच बारीक होतो. तो पेडल आता घरीच असतो. मांडवात मल्टी-इफेक्टमधला फझ चालवतो. डीजेच्या सबवूफरशेजारी तो फरक ऐकणारा मी एकटाच.