जवळची उचलायची

परवा भर दुपारी मावशीबरोबर आमच्या इंदूरच्या सीतलामाता बाजारात गेलो होतो, म्हणजे गेलो काय, पिशव्या धरायला माणूस हवा होता. दुकानात गादीवर पांढरी चादर, वर घरघरणारा पंखा, समोर साड्यांचा ढीग. मावशी एका मोरपंखी साडीचा पदर चुरगाळून बघतेय, काठ उलटा करून बघतेय, भाव विचारतेय, सगळं अगदी मन लावून चाललेलं. आणि दुकानदाराने त्या साडीबद्दल चकार शब्द न काढता ढिगातून वांगी रंगाची एक माहेश्वरी ओढून तिच्यापुढे टाकली. "भाभीजी, ये वाली ना?" मावशीने तिला हातसुद्धा लावला नव्हता हो. दोनदा नुसतं बघितलं होतं, तेही तिरकं, भाव चढायला नको म्हणून. झालं, आता घासाघीस कसली करणार.

हे लोक गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघतच नाहीत. हात खोटं बोलतो हे त्यांना गादीवर बसल्या बसल्या कळत असावं. २००३ मध्ये काही संशोधकांनी लोकांना दोन-दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून कुठला जास्त छान ते विचारलं आणि बटण दाबेपर्यंत नजर कुठे कुठे जाते ते मोजलं, तर जो चेहरा निवडला जाणार त्याच्याकडे नजर आधीपासूनच जास्त जास्त ओढली जात होती. आता याला मशीन कशाला पाहिजे, आमच्या क्लॉथ मार्केटमध्ये येऊन बसायचं ना.

आमची आजी यातलीच. रामबागेतल्या घरी कुणी पाहुणा आला की मिठाईचा डबा यायचा, आणि त्यात ठरलेलं, कडेला मिल्क केक, मधे काजू कतली आणि एका कोपऱ्यात पिस्त्याच्या मोजून चार-पाच वड्या. आम्ही भावंडं रांगेत. नियम एकच, जवळची उचलायची. डब्यात हात फिरवायचा नाही, निवडायचं नाही, पाहुण्यासमोर तर अजिबात नाही. आजी डबा धरायची आणि बघायची मात्र आमच्या डोळ्यांकडे. नजर पिस्त्यावर टेकली की ती नुसती खाकरायची आणि निघालेला हात मधेच वळून मुकाट्याने मिल्क केकवर यायचा. माझा एक चुलतभाऊ भारी चालू. तो आधी जाता जाता डबा बघून घ्यायचा, आणि पाळी आली की वर पंख्याकडे बघत, अगदी साधूसारखा, हात सरळ पिस्त्यावर. दोन-तीन दिवाळ्या त्याचं बरं चाललं. मग आजीने काय करावं, त्याची पाळी आली की डबा हळूच अर्धा फिरवायला लागली. पंख्याकडे बघत बघत मिल्क केक उचलल्यावर त्याचं जे तोंड व्हायचं, ते अजून लग्नाकार्यात सगळे करून दाखवतात.

१९९९ साली इंग्लंडमध्ये मायकल लँड नावाच्या शास्त्रज्ञाने आणि मंडळींनी माणसांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांना चहा करायला लावला होता. तर नजर आधी किटलीवर, मग साधारण अर्ध्या सेकंदाने हात, आणि हात किटलीशी पोचून काम उरकतोय तोवर नजर पुढच्या कपावर. आजीला खाकरायला तेवढाच वेळ मिळायचा म्हणजे, अर्धा सेकंद. आणि हात काही सगळं ठरवून निघत नाही बरं का. दोन वस्तू समोर असल्या आणि घाई असली तर तो आधी दोघींच्या मधल्या दिशेने निघतो आणि वाटेत कुठेतरी वळतो, हेही मोजून झालंय. माझा तर अजून असाच निघतो. ऑफिसात कुणाच्या बढतीचा डबा फिरतो तेव्हा समोरच्याने कृपा करून दुसरीकडे बघावं, नाहीतर मी हात मधेच थांबवून "नको, डायबिटीस आहे घरात" असलं काहीतरी बोलून बसतो.

रात्री सराफ्यात जोशींच्या दहीवड्यापुढे गर्दी व्हायची ती निम्मी दहीवड्याचा दोना, म्हणजे द्रोण, हवेत उडायचा ते बघायलाच. आम्ही सगळे माना वर करून. आणि मग एकाच चिमटीतून एकेक मसाला वेगवेगळा पडायचा, तो कसा ते मला आजतागायत कळलेलं नाही. क्रिकेटचंही तेच. सी. के. नायडूंच्या या गावात लहानपणी ज्याला त्याला एकच उपदेश, बॉलवरून नजर हलवू नको. २००० मध्ये त्याच लँडसाहेबांनी बॅट्समनच्या डोळ्यांवर कॅमेरा लावला तर असं निघालं की बॉल सुटताना ते बघतात आणि मग नजर उडी मारून टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, चांगल्या बॅट्समनची जरा लवकर. म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्या दादालोकांनी उगाच शिव्या घातल्या.

पण रस्ता ओलांडताना हे सगळं उलटं होतं. राजवाड्यासमोर ऑटोवाल्याशी नजरानजर झाली की संपलं, त्याला कळतं की याने मला बघितलंय म्हणजे हाच थांबेल, मग तो कशाला ब्रेक मारतोय. आमच्या कॉलनीतले एक काका यात उस्ताद. हात आडवा धरायचा, मान समोर, आणि चालायला लागायचं. मी कित्येक दिवस त्यांची कॉपी करायचो. एकदा विचारलंच, काका, तुम्ही बघत का नाही? तर म्हणाले, "त्यांनी बघावं की, मी कशाला." मी खूप हसलो, चार ठिकाणी सांगितलंही.

मग मागच्या आठवड्यात भाजीवाल्याकडे त्यांना बघितलं. टोमॅटो एकेक करून बोटांनी चाचपत होते, अगदी नाकाजवळ नेऊन. शंभराची नोट दिली तीही दोनदा उलटीसुलटी करून. मुलगा पुण्याला असतो त्यांचा. नंबर आहे माझ्याकडे, आज संध्याकाळी फोन करतोय.