तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तटस्थ’ आणि ‘निःपक्षपाती’ एकच का?

‘परीक्षक तटस्थ असावेत असं लिहू, की निःपक्षपाती असावेत असं? दोन्हींचा अर्थ एकच ना?’ बातमी लिहिणारे, सभेचं इतिवृत्त लिहिणारे, स्पर्धेचे नियम करणारे, सगळेच कधी ना कधी हे विचारतात. अर्थ एक नाही. ‘तटस्थ’ हा शब्द माणूस कुठे उभा आहे ते सांगतो, ‘निःपक्षपाती’ हा तो कसा वागला ते सांगतो. या फरकाकडे दुर्लक्ष झालं की नुसतं वाक्य बिघडत नाही, कधीकधी एखाद्याच्या पदरी अन्यायही पडतो. म्हणून जरा सविस्तर.

तट म्हणजे काठ, आणि ‘स्थ’ म्हणजे तिथे असलेला. पाण्यात न उतरता काठावर उभा आहे तो तटस्थ. मध्यस्थ आणि त्रयस्थ हे शब्दही याच घडणीचे: एक दोघांच्या मध्ये असलेला, दुसरा दोघांपैकी कोणी नसलेला. तिन्ही शब्द जागा दाखवतात. ‘पक्षपात’ची घडण वेगळी आहे. उल्कापात, अश्रुपात यांतला ‘पात’ म्हणजे पडणं. एका पक्षाच्या अंगावर कलंडणं म्हणजे पक्षपात, आणि तसं न कलंडणारा तो निःपक्षपाती. आता ज्याला कुठेतरी वजन टाकायचंच आहे, त्याच्याच बाबतीत कलंडण्याचा प्रश्न येतो. काठावर नुसता उभा असलेला माणूस कोणाला काही देत नाही आणि कोणाचं काही काढून घेत नाही. त्याला पक्षपात करायला वावच नाही. म्हणून निःपक्षपातीपणा हा निवाडा करणाऱ्याचा, वाटणाऱ्याचा, गुण देणाऱ्याचा गुण आहे.

(मराठीत ‘तट’ला गट असाही अर्थ आहे. ‘दोन तट पडले’ असं आपण सहज म्हणतो. तटस्थ मात्र या तटांतला कोणी नव्हे, तो काठावरचाच. शिवाय जुन्या मराठीत तटस्थ होणं म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी थिजणं. आजच्या अर्थातही ती निश्चलता थोडी शिल्लक आहे असं मला वाटतं.)

कोणता शब्द हवा हे ओळखायची सोपी खूण क्रियापदात आहे. तटस्थ ‘राहतात’. निःपक्षपातीपणे ‘चौकशी करतात’, ‘निकाल देतात’, ‘गुण देतात’. युक्रेनवरच्या हल्ल्याबद्दलचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ मार्च २०२२ रोजी आला, तेव्हा १४१ देशांनी बाजूने मत दिलं, ५ देशांनी विरोधात दिलं, आणि ३५ देश तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मधला. या वाक्यात ‘३५ देश निःपक्षपाती राहिले’ असं घालून बघा. वाक्य कोसळतं, कारण त्या देशांनी निवाडाच केला नव्हता. उलट ‘न्यायाधीशांनी तटस्थ निकाल दिला’ हे वाक्य कोसळत नाही, नुसतं डुगडुगतं, आणि म्हणूनच ते जास्त फसवतं.

फसवतं कसं, ते एका भिंतीवरून बघू. दोन शेजारी, मध्ये भिंत. मोजणी झाली आणि पहिल्याची भिंत दुसऱ्याच्या जागेत १८ इंच आत आलेली निघाली. आता तिघा जणांना विचारलं. एक म्हणाला, ‘तुमचं तुम्ही बघा, मी यात पडत नाही.’ हा तटस्थ. दुसरा म्हणाला, ‘दोघांनी ९–९ इंच सोडा, भांडण मिटवा.’ तिसऱ्याने नकाशा पाहिला, दोघांचं ऐकून घेतलं, मोजणीत चूक नाही ना हे तपासलं आणि भिंतवाल्याला सांगितलं, ‘१८ इंच शेजाऱ्याचेच, तुला भिंत मागे घ्यावी लागेल.’ निःपक्षपाती हा तिसराच. त्याचा निकाल पूर्णपणे एका बाजूने आहे, आणि तरीही तो निःपक्षपाती आहे. भिंत ज्याची, तो मात्र लगेच म्हणणार, ‘हा तटस्थ राहिला नाही.’ खरं आहे, नाही राहिला. त्याच्याकडे तटस्थ राहायचं काम नव्हतंच. ‘९–९ इंच सोडा’ म्हणणाऱ्याचं उत्तर दिसायला अगदी समतोल. पण त्याने अतिक्रमण करणाऱ्याला ९ इंच बक्षीस दिले. निम्मं-निम्मं करणं म्हणजे निःपक्षपातीपणा हा समज याच दोन शब्दांच्या सरमिसळीतून येतो, आणि त्यात नुकसान नेहमी ज्याची बाजू खरी आहे त्याचंच होतं.

हे दोन गुण वेगळे आहेत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते रेडक्रॉसच्या तत्त्वांत. १९६५ मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत सात मूलभूत तत्त्वं जाहीर झाली. त्यांत निःपक्षपातीपणा आणि तटस्थता ही दोन स्वतंत्र तत्त्वं आहेत. निःपक्षपातीपणा जखमींच्या बाबतीत: राष्ट्रीयत्व, वंश, धर्म, वर्ग, राजकीय मत यांवरून भेद करायचा नाही, फक्त गरज बघायची आणि ज्याची अवस्था सगळ्यात बिकट त्याला आधी हात लावायचा. तटस्थता लढणाऱ्यांच्या बाबतीत: युद्धात बाजू घ्यायची नाही, राजकीय, वांशिक, धार्मिक वा वैचारिक वादांत उतरायचं नाही. आणि ती कशासाठी हेही तिथेच सांगितलं आहे: सगळ्यांचा विश्वास टिकून राहावा म्हणून. म्हणजे तटस्थता हे साधन झालं. दोन्ही सैन्यांनी वाट सोडावी म्हणून ती लागते; जखमीपर्यंत पोचल्यावर काम निःपक्षपातीपणाचं. आणि निःपक्षपातीपणा सगळ्यांना सारखं वाटून देत नाही. बोट कापलेला आणि पोटात गोळी लागलेला एकाच वेळी आले, तर दोघांना पाच-पाच मिनिटं देणं हा निःपक्षपातीपणा नव्हे.

क्रिकेटमध्ये ‘त्रयस्थ पंच’ म्हणतात, आणि तो शब्द चपखल आहे. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या लाहोर कसोटीत दोन्ही पंच भारतीय होते. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तिसऱ्या देशाचे असा नियम झाला. नियमाला ठरवता येतं ते एवढंच: पंच कुठला असावा. तो योग्य निर्णय देईल याची हमी पासपोर्ट देत नाही. २०२० मध्ये साथीमुळे प्रवास अडला आणि यजमान देशाचेच पंच नेमायची मुभा द्यावी लागली, तेव्हा प्रत्येक संघाला कसोटीच्या डावात पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची एक जादा संधी दिली गेली. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. जागेची हमी गेली, तर निर्णय तपासायची सोय वाढवली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडे आहे. रामशास्त्री प्रभुणे तटस्थ नव्हते आणि त्रयस्थ तर नव्हतेच. पेशव्यांच्याच दरबारचे न्यायाधीश होते. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर त्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं. लोक त्यांना निःस्पृह म्हणतात, तेही बरोबर. पण निःस्पृह म्हणजे स्वतःसाठी काही न मागणारा. तो तिसरा गुण झाला.

मग निःपक्षपातीपणा तपासायचा कसा? मंत्र्यांच्या शपथेत तो शब्द न वापरता त्यासाठी काय काय लागतं ते सुटं करून ठेवलं आहे: ‘निर्भयपणे’, ‘निःस्पृहपणे’, ‘ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’. शेवटची जोडी नीट बघा. आपल्या माणसाला झुकतं माप देणं हा पक्षपात सगळ्यांना कळतो. पण ओळखीचा विद्यार्थी म्हणून, कोणी बोट दाखवू नये या भीतीने, त्याचे दोन गुण कापणं हाही पक्षपातच, फक्त उलट्या बाजूचा. यावर उपाय कोरडे आहेत, पण लागू पडतात. कोणत्या मुद्द्याला किती गुण हे उत्तरपत्रिका उघडण्याआधी लिहून ठेवायचं. नावं झाकायची. एकच प्रश्न सगळ्यांचा तपासून मग पुढच्याकडे जायचं, म्हणजे एका पत्रिकेच्या चांगल्या सुरुवातीची छाया तिच्या पुढच्या उत्तरांवर पडत नाही. सुनावणी असेल तर दोघांना पुरेसा वेळ आणि एकमेकांची कागदपत्रं द्यायची. नातं किंवा व्यवहार असेल तर आधीच सांगून बाजूला व्हायचं. आणि निकालाची कारणं लिहायची. दोन्ही पक्षांची नावं मनातल्या मनात अदलाबदल करून ती कारणं पुन्हा वाचली, की कलंडलेली जागा बहुतेक वेळा सापडते.

लेखनाबद्दल थोडं. ‘नि’नंतर विसर्ग हवा, कोलन नको. दिसायला दोन्ही दोन टिंबंच, पण संगणकाला कोलन हे विरामचिन्ह वाटतं; शब्द शोधात सापडत नाही आणि ओळीच्या शेवटी तुटूही शकतो. निष्पाप, निष्फळ या चालीवर ‘निष्पक्षपाती’ही नियमात बसतं. रूढ रूप विसर्गाचं आहे. एका मजकुरात एकच ठेवा. नाम ‘निःपक्षपातीपणा’ किंवा ‘निःपक्षपातित्व’. तटस्थचं ‘तटस्थता’.

आणि ‘समितीने तटस्थ अहवाल दिला’ असं वाक्य समोर आलं, तर आधी अहवाल उघडून बघा. दोष कोणाचा हे समितीने ठरवलंय का? ठरवलं असेल तर ‘तटस्थ’ काढा. त्या जागी ‘निःपक्षपाती’ घालायचं ते कारणं वाचून तुमची खात्री पटली तरच. नाहीतर ‘समितीने अहवाल दिला’ एवढंच छापा.