अँगलसीला कयाकचं रेस्क्यू शिकताना

शनिवारी सकाळी साडेदहाला मी मुद्दाम पाण्यात पडलो. रविवार दुपारपर्यंत आणखी पंधरा-वीस वेळा पडलो असेन.

मँचेस्टरहून ए५५ रस्त्याने वेल्समधल्या अँगलसी बेटावर, आणि तिथून पश्चिम टोकाला पोर्थ डावार्ख. साउथ स्टॅकच्या दीपगृहापासून जवळचीच छोटी वाळूची खाडी. आम्ही सहा शिकाऊ, दोन प्रशिक्षक. मे महिना होता, तरी पाणी अकरा-बारा अंश. माझं बालपण मालवणातलं, म्हणून समुद्राची भीती नव्हती; पण या थंडीशी ओळख नव्हती. डोकं पाण्याखाली गेलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो. ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा पूर्ण पोशाख) भाड्याने मिळाला तर घ्याच, आत लोकरीचे कपडे घाला.

पहिला धडा टी-रेस्क्यूचा, म्हणजे दोन कयाक इंग्रजी T सारख्या आडव्या-उभ्या लावून वाचवायचं. पडलेल्याने वल्हं आणि कयाक सोडायची नाही, एवढं त्याचं काम. वाचवणाऱ्याने उलट्या कयाकचं नाक आपल्या मांडीपुढे आडवं ओढून घ्यायचं. सीटच्या मागे बंद भिंत असते, त्यामुळे नाक उचललं की आतलं पाणी कॉकपिटमधून, म्हणजे बसायच्या पोकळीतून, बाहेर पडतं. मग कयाक सुलटी करून दोन्ही शेजारी, तोंडं विरुद्ध दिशांना. पाण्यातला माणूस पाठीवर तरंगत एक टाच कॉकपिटमध्ये अडकवतो आणि वर येतो. हात दुखतात ते वजन उचलून नव्हे, कयाक हलू नये म्हणून तिच्या वरची दोरी घट्ट आवळून धरल्याने. आणि बोलत राहा. माझी जोडीदारीण गप्प राहिली, मी चुकीच्या बाजूने चढलो आणि दोघंही पाण्यात.

रविवारी टोइंग, म्हणजे दुसऱ्याची कयाक दोरीने ओढणं. कमरेच्या पट्ट्यात साधारण पंधरा मीटर दोरी, टोकाला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी). एवढी लांब कशाला, असं वाटलं होतं. कारण मागच्या लाटेवर बसून ओढलेली कयाक थेट आपल्या पाठीत घुसू शकते. ज्याला मळमळतंय किंवा ज्याचा तोल जातोय, त्याला एकट्याला ओढत नाहीत. दुसरा कयाकवाला त्याला धरून बसतो आणि दोघांना मिळून ओढतात.

इथे माझी फजिती झाली. प्रशिक्षक ओरडले, "सोड!" पट्टा झटकन सुटावा म्हणून असलेला लाल गोळा खेचला, काही सुटेना. पट्टा लाइफ जॅकेटच्या पट्टीखाली गेला होता. सपाट पाण्यात हसून घेतलं. जवळच्या पेनरिन मॉरच्या जोरदार प्रवाहाच्या खळाळात हेच झालं असतं तर मागची कयाक मला घेऊन गेली असती. तेव्हापासून निघण्याआधी जमिनीवर एकदा गोळा खेचून बघतो, मग दोरी नीट भरतो. तुम्हीही बघा. दोरी गुंडाळून वेटोळं करून भरू नका, तशीच घड्या घालत पिशवीत कोंबा. वेटोळ्यांची गाठ बसते.

तारीख निवडताना भांगाची, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हाची, बघा. आपल्याकडे अष्टमीच्या आसपास असते तीच, इथेही चालते. उधाणाला इथला प्रवाह नवशिक्यांसाठी नाही. व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावर वापरायचा वायरलेस) आणीबाणीच्या चॅनेल १६ वर ठेवा, नसेल तर ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागा. फोन जलरोधक पिशवीत, पण अंगावर. कयाकच्या पोटात ठेवलेला फोन उलटल्यावर हाताशी येत नाही.

पार्किंग रस्त्याकडेला, थोडंच. नऊच्या आत पोहोचा. आणि गरम चहाचा थर्मास गाडीत नको, वाळूवर ठेवा. परतल्यावर माझ्या बोटांना गाडीची किल्ली फिरवता येत नव्हती.